नवव्या झेंड्याजवळचं सूप

नगरपालिकेचं गोल्फ मैदान म्हटलं की लोकांना वाटतं, तिथे लांबलचक गाड्या येत असतील आणि कोणीतरी पांढरे हातमोजे घालून दार उघडत असेल. कसलं काय! इथे तिकीट काढून कोणीही खेळायला येतो. बसचे ड्रायव्हर येतात, न्हावी येतो, पेन्शनीतली मंडळी तर रोजच पडीक. काठ्या भाड्याने मिळतात, त्यातल्या निम्म्यांच्या मुठींना चिकटपट्टी गुंडाळलेली. आणि नऊ होल खेळून झाले की पायवाट सरळ रेस्टॉरंटच्या दाराशी येते, कारण ज्याने हे मैदान आखलं त्याला, देव त्याचं भलं करो, भूक म्हणजे काय ते नीट ठाऊक असणार.

हे रेस्टॉरंट चालवायच्या वहिनी. खरं तर त्या एकाच माणसाच्या वहिनी, काउंटर सांभाळणाऱ्या त्यांच्या धाकट्या दिराच्या. पण दीर दिवसभर "वहिनी, दोन ऑम्लेट" म्हणून आत ओरडत राहणार आणि बाहेर बसलेले ते ऐकत राहणार, मग दुसरं काय होणार? गवत कापणाऱ्या माळ्यापासून दूध टाकणाऱ्यापर्यंत सगळ्या जगाच्या त्या वहिनी झाल्या. अठरा वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याने नगरपालिकेकडून हे चालवायला घेतलं. सात वर्षांपूर्वी तो गेला आणि करार वहिनींच्या नावावर झाला. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्याही त्याच करारात होत्या. खाली काम, वर घर, मध्ये बारा पायऱ्या.

वहिनींची कामाची एक पद्धत होती, ती दुसऱ्या कुठल्या स्वयंपाकघरात चालली नसती. सिंकच्या वर एक खिडकी होती आणि तिच्यातून नवव्या होलच्या भोकात रोवलेला झेंडा दिसायचा. खेळणारे झेंड्यापाशी आले की वहिनी तव्यावर तेल सोडायच्या. कोणी झेंडा उपसून बाजूला धरला की अंडी फोडायच्या. झेंडा परत भोकात बसला की ऑम्लेट उलटायच्या. मंडळी पायपुसण्यावर बूट घासून आत येईपर्यंत बशा टेबलावर हजर. नव्या माणसाला वाटायचं, इथे काहीतरी जादूटोणा आहे. कोणी तो एवढासा चेंडू भोकात ढकलायला फार वेळ लावला की इकडे ऑम्लेट तांबूस व्हायला लागायचं आणि वहिनी खिडकीतून त्याच्याकडे बघत म्हणायच्या, घाला की बाबा एकदाचा.

पण खरं नाव होतं ते सुपाचं. गाजर, बटाटा, कांदा, मिरी, बस. सकाळी सहाला मोठं पातेलं चढायचं. त्यातला कांदा नवरा परतायचा तेव्हा नेहमी एक वाफ जास्त ठेवायचा, जरा काळपट होईपर्यंत. वहिनी अकरा वर्षं त्याच्याशी त्यावरून भांडल्या. तो गेल्यावर मात्र त्यांनी कांदा एकदाही सोनेरी रंगावर उतरवला नाही.

तर ऑक्टोबरात वहिनींना ताप आला. साधाच, पाच दिवसांचा. ताप गेला आणि जाताना नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. कॉफी म्हणजे गरम पाणी, कांदा म्हणजे तोंडातल्या तोंडात नुसता कुरकुर आवाज. टोस्ट करपला हे धूर डोळ्यांत गेल्यावर कळायचं. डॉक्टर म्हणाले, येईल परत. कधी, ते त्यांना सांगता येईना. कधीकधी येतही नाही, असंही ते दाराशी पोहोचल्यावर म्हणाले. या डॉक्टर लोकांना महत्त्वाचं ते दारातच आठवतं.

वहिनींनी ही गोष्ट फक्त दिराला, म्हणजे भाऊजींना सांगितली आणि त्यांच्या भावाची शपथ घातली, कुणाला बोलायचं नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईला चव कळत नाही हे एकदा बाहेर पडलं की उरलं काय? तेव्हा ठरलं असं की वहिनींनी हाताच्या अंदाजाने करायचं आणि भाऊजींनी चाखायचं.

आता भाऊजींच्या जिभेबद्दल काय सांगावं! हा माणूस ताटात काय वाढलंय ते बघायच्या आधी त्यावर लाल सॉस ओततो. उद्या पुठ्ठा भिजवून दिला तरी सॉस लावून खाईल आणि वर म्हणेल, मस्त. पण संकटात माणसाला काय काय सुचतं बघा. भाऊजी रोज सकाळी पावणेदहाच्या सुमारास सुपाचं भांडं घेऊन बाहेर जायचे, उजेडात रंग बघतो म्हणायचे, आणि पाच मिनिटांनी परत येऊन सांगायचे, चिमूटभर मीठ हवं. किंवा, आज मीठ बरोबर, मिरी कमी पडली. आणि ते तंतोतंत असायचं, कारण एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही. वहिनींना नवल वाटायचं. पन्नाशी उलटल्यावर या माणसाला जीभ फुटली तरी कशी? पण ज्या दोरीला आपण लोंबकळतोय ती कुठे बांधलीय हे फार तपासू नये, म्हणून त्यांनी तपासलं नाही.

एकच गोष्ट त्यांना खुपायची. रोजच्या चार म्हाताऱ्यांना भाऊजी त्याच वेळी सूप फुकट पाजायचे. ही चौकडी म्हणजे रिटायर झालेले शिंपीकाका, पोस्टमन, गणिताचे मास्तर आणि नर्सबाई. चौघांपैकी एकालाही धड खेळता येत नव्हतं, पण सकाळी आठला पहिल्या होलवर हजर. वहिनी भाऊजींना म्हणायच्या, इथे काय अन्नछत्र उघडलंय? भाऊजी नुसते हसायचे आणि काउंटर पुसायला लागायचे.

फेब्रुवारीत करार संपत होता. या वेळी एका कंपनीनेही अर्ज टाकला होता. तिचं सगळं बंद डब्यात यायचं, मशीनमध्ये दोन मिनिटं फिरवायचं आणि द्यायचं. ना पातेलं, ना तवा, ना माणूस. नगरपालिकेने ठरवलं की उद्यान खात्याच्या अधिकारी बाई आणि समितीचे दोघेजण एका गुरुवारी दुपारी येऊन वहिनींकडे जेवतील आणि मग निकाल देतील. वहिनींची झोप उडाली. खालचं काम गेलं की वरचं घरही जाणार, हे सांगायला कोणी ज्योतिषी नको होता.

त्या गुरुवारी सकाळी सहाला वहिनींनी सूप चढवलं, कांदा काळपट केला, मीठ घातलं. सातला फोन आला की समिती दोनऐवजी बाराला येईल. फोन ठेवून वहिनी घाईघाईने पातेल्याशी परत आल्या आणि आधीचं विसरून, पुढचं काम म्हणून पुन्हा मीठ घातलं. चव कळणारी बाई असती तर एक चमचा तोंडात घालून तिला कळलं असतं. वहिनींना पातेल्यातली वाफ दिसत होती, एवढंच.

आणि नेमकं त्याच दिवशी दंव पडून गोठलं. गोल्फच्या मैदानावर दंव म्हणजे खेळ बंद. गोठलेल्या गवतावर पाय पडला की तिथे काळा डाग उठतो आणि महिनाभर जात नाही. माळी या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकत नाही. त्याने पहिल्या होलला दोरी बांधली आणि पाटी लावली, 'दंव आहे, थांबा'. खिडकीतून नववा झेंडा दिसत होता, पण त्याच्याजवळ चिटपाखरू नव्हतं.

साडेनऊपासून भाऊजींचं काहीतरी बिनसलं. दर दोन मिनिटांनी दाराशी जात, रस्त्याकडे बघत, परत येत. वहिनी म्हणाल्या, अहो चाखा ना, वेळ काय झाला बघा. भाऊजी म्हणाले, जरा थांबू. दहा वाजले तरी त्यांचं थांबणं चालूच. शेवटी वहिनींनी चमचा भरून त्यांच्या हातात दिला. भाऊजींनी तो तोंडात घातला, गिळला आणि म्हणाले, मस्त झालंय. मग त्यांनी शांतपणे एक ग्लास पाणी प्यायलं. मग दुसरा प्याले.

वहिनी या माणसाला तीस वर्षं ओळखत होत्या. जेवणातसुद्धा त्यांनी कधी दोन ग्लास पाणी प्यायलेलं नव्हतं.

"भाऊजी, खरं सांगा," त्या म्हणाल्या. "कसं झालंय?"

भाऊजींनी ग्लास खाली ठेवला. "वहिनी, मला काही कळत नाही. खारट आहे एवढं कळतंय, पण किती, ते नाही कळत. मला कधीच कळत नव्हतं."

मग इतके दिवस चिमूटभर मीठ आणि मिरी कोण सांगत होतं, असं वहिनींनी विचारलं. भाऊजींनी शेगडीच्या वर ठोकलेल्या खिळ्याकडे बोट दाखवलं. आता हा खिळा काय ते सांगायला हवं. खेळणारे आपापल्या फटक्यांचा हिशोब एका छापील कार्डावर मांडतात आणि खेळ झाला की कार्ड टेबलावर टाकून जातात. कार्डाची पाठ कोरी असते. भाऊजी ती गोळा करून पाठीवर ऑर्डरी लिहायचे आणि खिळ्याला टोचायचे. दोन ऑम्लेट, एक चहा, तीन टोस्ट. वहिनी आयुष्यभर त्या पाठी वाचत आल्या. पुढच्या बाजूला खेळाचं काहीतरी असतं, त्याच्याशी आपल्याला काय करायचंय, म्हणून एकही कार्ड त्यांनी कधी उलटं करून बघितलं नव्हतं.

त्यांनी गठ्ठा खिळ्यावरून काढला आणि उलटायला लागल्या. बरीचशी कार्डं कुणाकुणाच्या खेळाची. मग एक आलं, त्यावर खेळाडूच्या जागी लिहिलं होतं 'वहिनी'. अठरा होलचे अठरा चौकोन, प्रत्येकात एक तारीख आणि एक आकडा. चार, पाच, चार, तीन, चार. बाजूला बारीक अक्षरात 'मिरी'. खाली नोंद ठेवणाऱ्याची सही, वेलबुट्टी काढल्यासारखी, शिंपीकाकांची. शेजारी खेळाडूची सही, ती जागा रिकामी. असंच दुसरं कार्ड निघालं, तिसरं निघालं. भाऊजी खाली मान घालून सांगत होते की चार म्हणजे बरोबर, पाच म्हणजे मीठ जास्त, तीन म्हणजे कमी. चौघं चाखतात, वाद घालतात, एक आकडा ठरवतात आणि तो मी तुम्हाला येऊन सांगतो. आणि वहिनी, शपथ मी मोडली नाही. मी कुणाला सांगितलं नाही, त्यांनाच आधी कळलं होतं.

वहिनी बटाट्याच्या पोत्यावर बसल्या. भर रस्त्यात पाय घसरून पडावं आणि वर बघावं तर सगळे ओळखीचे, तसं त्यांना झालं. चार महिने आपण लपवतोय म्हणून छातीवर दगड ठेवून वावरलो आणि यांच्या खिशात आपलं कार्ड. आधी संताप आला. मग समितीची आठवण झाली आणि संतापालाही सवड राहिली नाही. पातेलं खारट, किती ते ठाऊक नाही, दोन तासांत माणसं जेवायला येणार आणि दंव पडल्यामुळे मैदानावर कुणी नाही.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. त्या दाराने फक्त दूध आणि भाजी यायची. चौकडी आत आली, मफलरी गुंडाळलेली, नाकं लाल. गवतावर पाय ठेवायची सोय नव्हती म्हणून सगळ्या मैदानाला वळसा घालून रस्त्याने चालत आली होती. खेळायच्या काठ्या कुणाच्याच हातात नव्हत्या.

"आज खेळ नाही," शिंपीकाका म्हणाले, "पण सूप आहे ना?"

भाऊजींनी त्यांना डोळ्यांनी काय ते सांगितलं असावं, कारण चौघं दारातच थबकले. वहिनी पोत्यावरून उठल्या. त्यांच्या हातात ती कार्डं होती. बोलायला पुष्कळ होतं, पण त्यांनी चार चमचे काढले आणि चौघांच्या हातात दिले. पोस्टमनने तोंडात चमचा घातला आणि डोळे मिटले. नर्सबाईंनी मान फिरवली. शिंपीकाकांनी नीट चव घेतली, एका हाताची पाच बोटं वर केली आणि मग दुसऱ्या हाताची दोन.

सात. असा आकडा कुठल्याच कार्डावर नव्हता.

मग जी धावपळ झाली ती बघायला हवी होती. अर्धं सूप काढून ठेवलं, बिनमिठाचं पाणी उकळायला घातलं. नर्सबाईंनी बाह्या वर करून गाजरं चिरायला घेतली, मास्तरांनी बटाट्याचे फासे असे पाडले की फूटपट्टी लावावी. पोस्टमनला कांदा दिला, तो रडत रडत म्हणत होता की चाळीस वर्षं लोकांच्या वाईट बातम्या वाटल्या, तेव्हाही इतकं पाणी आलं नाही. कांदा परतायला वहिनींनी कुणाला हात लावू दिला नाही. डोळ्यांनी रंग बघत त्यांनी तो काळपट केला. शिंपीकाका पातेल्याशी उभे. दर दहा मिनिटांनी एक चमचा आणि बोटं वर. सहा. सहा. पाच.

पाच झाल्यावर वहिनींना जरा श्वास आला. त्यांनी पातेलं ढवळत, वर न बघता विचारलं, "काका, तुम्हाला कधी कळलं?"

"नासायला आलेलं दूध होतं एके दिवशी," शिंपीकाका म्हणाले. "चहात. आंबट झालेलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही शेजारी उभं राहून विचारलंत, चहा कसा झालाय. तुमच्या तोंडाकडे बघितलं आणि लक्षात आलं की तुम्हाला खरंच माहीत नाही. म्हटलं, छान झालाय."

"आणि चहा? ओतून टाकलात?"

"कुठे ओतणार? तुम्ही समोर होतात," शिंपीकाका म्हणाले. "प्यालो."

वहिनींनी डाव पातेल्यात तसाच सोडला. त्यांना हसू येत होतं की रडू, ते त्यांचं त्यांना कळेना. मास्तर बटाट्याकडे बघत म्हणाले की त्या दिवशी काकांनी आम्हाला गोळा केलं. या खेळात एक नियम आहे, आपले फटके आपण लिहायचे नाहीत. सोबत्याने लिहायचे, आणि शेवटी दोघांनी सही करायची, नाहीतर कार्ड बाद. आम्ही म्हटलं, वहिनींना सोबती नाही तर आपण होऊ. सही तेवढी तुमच्याकडून कशी घ्यायची, ते काही सुचलं नाही.

साडेअकराला शिंपीकाकांनी चमचा ठेवला आणि चार बोटं वर केली. भाऊजींनी त्यांना मिठीच मारली. काका ओशाळून म्हणाले, अहो सोडा, कपडे चुरगळतील.

बाराच्या ठोक्याला समिती आली. अधिकारी बाई ठेंगण्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, चेहऱ्यावर कसलाच पत्ता लागू न देणाऱ्या. सोबतचे दोघं बोलत होते, त्या फक्त खात होत्या. ऑम्लेट खाल्लं, टोस्ट खाल्ला. सूप तर त्यांनी वाटी तिरकी करून शेवटच्या चमच्यापर्यंत संपवलं. कोपऱ्यातल्या टेबलावर चौकडी वर्तमानपत्र वाचायचं सोंग करत बसली होती. पोस्टमनच्या हातात ते उलटं होतं.

बाईंनी वाटी खाली ठेवली. म्हणाल्या, लोकांना विचारलं तर सगळे सांगतात की या सुपाची चव वर्षानुवर्षं जराही बदललेली नाही. हे जमवता कसं?

"वहिनींच्या हाताला चव आहे, बाई," भाऊजी पटकन म्हणाले.

झालं. हेच तर हवं होतं. नुसतं गप्प राहिलं की काम फत्ते. वहिनींनी कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघितलं. नर्सबाईंच्या बोटाला गाजराचा रंग तसाच होता. त्यांचे फटके आपल्या नावावर लिहून घ्यायला वहिनींची जीभ वळेना. चव नसली तरी जीभ ती जीभच.

"हाताला असेल, जिभेला नाही," त्या म्हणाल्या. "मला चार महिने चव कळत नाही, वासही येत नाही. रोजचं सूप ती समोरची चार माणसं चाखतात आणि सांगतात तसं मी करते. मलाही हे आज सकाळीच कळलं. आजचं सूप माझ्या हातून खारट झालं होतं, तेही त्यांनीच उभं राहून सुधारून घेतलं."

वहिनींनी एप्रनच्या खिशातून सगळ्यात अलीकडचं कार्ड काढलं आणि बाईंसमोर ठेवलं. बाईंनी चष्मा चढवला. आधी त्यांनी विचारलं की गॅस सुटला तर कसं कळणार. भाऊजींनी भिंतीवरची गजर देणारी पेटी दाखवली, ती त्यांनी नोव्हेंबरातच बसवून घेतली होती. दूध नासलं तर? तेव्हा नर्सबाई उठून आल्या आणि म्हणाल्या की फ्रिजमधल्या प्रत्येक भांड्यावर तारखेची चिठ्ठी आहे, उघडून बघा. चिठ्ठ्या वहिनींनी रोज बघितल्या होत्या. त्यांना वाटलं होतं, भाऊजींना टापटिपीचं वेड लागलं.

बाई कार्ड बराच वेळ वाचत राहिल्या. मग त्यांनी एका जागी बोट ठेवलं.

"इथे खेळाडूची सही राहिली आहे," त्या म्हणाल्या.

भाऊजींच्या कानावरची पेन्सिल घेऊन वहिनींनी सही केली. अक्षर बरं आलं. बाईंनी फाइल मिटली, आभार मानले आणि निघून गेल्या. ना हो म्हणाल्या, ना नाही.

तीन आठवडे सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. वहिनी स्वतःलाच बजावत होत्या की खरं बोललो त्याचा पश्चात्ताप करायचा नाही, आणि रोज वरच्या खोल्यांतली एक एक वस्तू बघून, ही कशात बांधायची, असा विचार करत होत्या. मग नगरपालिकेचं पाकीट आलं. ते फोडायची कुणाची हिंमत होईना, तेव्हा पोस्टमननेच फोडलं, जन्मभर हात शिवशिवत असणार. मास्तरांनी मोठ्याने वाचलं. करार आणखी पाच वर्षांसाठी वाढवला होता. खाली दहा अटी नेहमीच्या होत्या, आणि अकरावी टाइप करून जोडलेली होती: 'सुपाची चव रोज सकाळी तपासण्याची सध्याची व्यवस्था कराराच्या संपूर्ण मुदतीत विनाखंड चालू ठेवावी.'

सगळं रेस्टॉरंट हसलं. मास्तर हिशोब करून म्हणाले, म्हणजे मी ब्याऐंशीचा होईपर्यंत. पोस्टमन म्हणाला, घ्या, आता मरायचीसुद्धा सोय राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला भाऊजींनी भांडं उचललं तर वहिनी म्हणाल्या, ठेवा, मी नेते. अठरा वर्षांत त्या खेळाच्या वेळेत कधी बाहेर येऊन बसल्या नव्हत्या. त्यांनी चार वाट्या भरल्या, खुर्ची ओढली आणि चौकडीबरोबर बसल्या. रात्री त्यांनी मनातल्या मनात पुष्कळ जुळवून ठेवलं होतं. तोंडातून आलं ते एवढंच, की तुम्ही नसता तर मी आज इथे नसते, हे मी विसरणार नाही. चौघंही वाट्यांत बघायला लागले. असल्या बोलण्याची त्यांना सवय नव्हती.

शिंपीकाकांनी चाखून खिशातून कार्ड काढलं. वहिनींनी त्यावर हात ठेवला.

"आकडा नंतर लिहा," त्या म्हणाल्या. "आधी चव सांगा. कसं लागतं ते. मला चार महिने कुणी सांगितलेलं नाही."

शिंपीकाका बिचारे मापं घेणारे, त्यांना बोलायचं कुठे येतंय? त्यांनी आणखी एक चमचा घेतला. "आधी गाजर येतं. गोडसर," ते म्हणाले. "मग बटाटा, तो नुसता ऊब देतो. मिरी मागून येते, घशाशी. आणि सगळ्यात शेवटी, गिळल्यावर, एक जरासं कडवट राहतं. जळकट म्हणा. ते दुसरीकडे कुठे मिळत नाही."

वहिनींनी कार्डावरचा हात काढून घेतला. गेले चार महिने त्या रोज डोळ्यांनी बघून कांदा काळा करत होत्या. तो सुपात उतरतो की नाही हे त्यांना कळत नव्हतं, आणि कुणाला विचारण्याचं धाडसही झालं नव्हतं.

"ते लागतं अजून?" त्यांनी विचारलं.

"लागतं की," शिंपीकाका म्हणाले. "रोज लागतं."

पलीकडे मैदानावर कुणीतरी नववा झेंडा उपसून बाजूला धरला होता. वहिनींनी डोळे पुसले आणि अंडी फोडायला आत गेल्या.